पानाआडची मोसंबी आणि सोळा स्वस्त कॅमेरे

जालन्याकडे मोसंबीची बाग व्यापाऱ्याला द्यायची म्हटली की झाडावर माल किती, हे नजरेनेच ठरतं. फोटोवरून मोजायला जावं तर बरीच फळं पानाआड, आणि रंगही हिरव्यात हिरवा. एकच कॅमेरा कितीही महाग घेतला तरी पानापलीकडचं त्याला दिसत नाही. सोळा साधे कॅमेरे लावले तर प्रत्येकाला वेगळी फट सापडते. फळ जुळेल असे सगळे फोटो सरकवून एकमेकांवर ठेवले की फळ टिकतं, पान विरून जातं. स्टॅनफर्डच्या 100 कॅमेऱ्यांच्या चौकटीने 2005 च्या सुमारास हेच दाखवलं होतं.

बहुतेक जण कॅमेरे दाटीने लावतात आणि तिथेच फसतात. फळ 2 मीटरवर आणि पान त्याच्या 30 सेंमी पुढे धरा. कॅमेऱ्यांची चौकट 20 सेंमी रुंद असेल तर एका टोकाच्या कॅमेऱ्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत पान फळावरून जेमतेम साडेतीन सेंमी सरकतं. मोसंबीचं पान त्याहून लांब असतं, म्हणजे फळ झाकलेलंच. चौकट 60 सेंमी केली की तेच पान साडेदहा सेंमी सरकतं. म्हणून 4×4 मांडणी, दोन कॅमेऱ्यांत 20 सेंमी. मेगापिक्सेलपेक्षा पैसा या रुंदीवर घाला.

प्रत्येक ठिकाणी रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू हा छोटा संगणक आणि त्याचा कॅमेरा मॉड्यूल 2 पुरेसे. झीरोचं कॅमेरा सॉकेट अरुंद असतं, त्याची केबल वेगळी मागवा. मॉड्यूल डबल टेपने चिकटवू नका, उन्हात टेप सुटते. एम2 स्क्रू लावा: कॅमेरा अर्धा अंश फिरला तरी चित्र 24 पिक्सेल हलतं, आणि केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याची जागा-दिशा मोजून ठेवणं, वाया जातं. वीज फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीवरून घ्या आणि प्रत्येक पायजवळ 12 चे 5 व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर बसवा. 5 व्होल्ट लांब, बारीक वायरीतून नेले तर व्होल्टेज पडतं आणि पाय मधेच रीस्टार्ट होतो.

शटर, गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते), व्हाईट बॅलन्स सोळाही ठिकाणी एकसारखे लॉक करा. कॅलिब्रेशनचा बुद्धिबळ-पट काचेवर चिकटवा, पुठ्ठा वाकतो. पूर्ण रिझोल्यूशनला शेजारच्या दोन कॅमेऱ्यांत 2 मीटरवरचं फळ 271 पिक्सेल सरकतं, तर 1.7 मीटरवरचं पान 319. हा 48 पिक्सेलचा फरकच आपलं सगळं काम करतो. फळं वेगवेगळ्या खोलीवर असतात, म्हणून 1.8 ते 2.4 मीटरपर्यंत दर 5 सेंमीला फोटो तिथे जुळवून एक एकत्रित चित्र बनवा.

पानं हलली तर बिघडत नाही, उलट ती जास्त विरतात. फांदीसकट फळ हललं तर मात्र कडा फाटतात, कारण नेटवर्कवरून एकदम हुकूम दिला तरी कॅमेरे एखाद्या फ्रेमइतके मागेपुढे होतात. वारा सुटण्याआधी, सकाळीच फोटो घ्या.

एकत्र करताना सरासरी घ्या. मध्यकाने (सोळा किमती क्रमाने लावून मधली घेतली तर) चित्र टोकदार येतं, पण फळ निम्म्याहून कमी कॅमेऱ्यांना दिसत असेल तर मध्यक ते पुसूनच टाकतो. सोळापैकी तिघांनाच दिसलेलं फळ सरासरीत फिक्या डागासारखं उरतं. ते हाताने तपासावं लागतं. झाडाच्या पोटातलं, एकाही कॅमेऱ्याला न दिसलेलं फळ यात येणार नाही. त्यासाठी चौकट झाडाच्या दुसऱ्या बाजूने लावा.