ज्युनो-१०६: चौथा आवाज परत आला, दुसरा गेला

ज्युनो-१०६ या आमच्या सिंथेसायझरमध्ये सहा ‘आवाज’ आहेत, म्हणजे एकेका वेळी एकेक स्वर काढणारी सहा सर्किटे. त्यांतल्या चौथ्या आवाजाची घरघर थांबेपर्यंत काही लिहायचे नाही, असे मागील नोंदीत ठरवले होते. ती गेल्या रविवारी थांबली. सोमवारी संध्याकाळी दुसऱ्या आवाजाने नेमकी तीच घरघर सुरू केली.

निदान सोपे होते. ‘की ट्रान्स्पोज’ हे बटण दाबून धरून यंत्र चालू केले आणि टेस्ट मोडमध्ये एकेक पट्टी दाबत गेलो, तेव्हा पडद्यावर २ हा आकडा आला की पट्टी सोडल्यानंतरही स्वर कुरकुरत राहत होता. स्वराची मूळ लहर घडवणारी एमसी५५३४ए ही चिप दोन-दोन आवाज सांभाळते. ती बिघडली असती तर जोडीतला दुसरा आवाजही बहुधा बिघडला असता. तो स्वच्छ असल्याने संशय पुन्हा ८००१७ए वरच आला. फिल्टर आणि व्हीसीए (स्वराची पातळी कमी-जास्त करणारा भाग) पोटात घेऊन बसलेल्या या चिपवरचा काळा लेप वर्षानुवर्षांनी वीज गळू देतो, हे दुखणे आपल्यापैकी कोणालाच नवे नाही.

चौथी चिप लोणच्याच्या काचेच्या बरणीत, ॲसिटोनमध्ये, तीन दिवस बुडवली होती. लेप सालीसारखा निघाला आणि आतली चिमुकली पाटी उघडी पडली. ती सॉकेटमध्ये बसवून ट्रिमर (बारीक जुळणीचा स्क्रू) फिरवल्यावर पहिला स्वच्छ स्वर उमटला, तेव्हा मी तो एकच स्वर निदान अर्धा तास वाजवत बसलो होतो. त्या आनंदाच्या भरात दुसऱ्या चिपला मात्र दोनच दिवस दिले आणि उरलेला लेप टाचणीने उचकटायला गेलो. एक पाय बुडापासून तुटला. त्या जागी बारीक तार डाखण्याचे तीन प्रयत्न फसले. चौथ्या वेळी शेजारचा कपॅसिटरच टाचणीला चिकटून बाहेर आला.

पर्याय म्हणून पूर्वी एका विक्रेत्याकडून ‘नवी’ चिप मागवली होती. तिच्यावर जुनाच लेप होता आणि पायांवर आधीच्या डाखाचे कथीलही. आता घ्यायचीच तर लेप नसलेली, नव्या घडणीची प्रतिकृतीच घेईन. अस्सल भागांचा हट्ट धरणाऱ्यांना हे पटणार नाही, पण हट्टाने आवाज येत नाही.

हे लिहीत असतानाच एक गोष्ट सुचली आणि लगेच करून पाहिली. पॉली १ आणि पॉली २ ही बटणे एकत्र दाबली की सगळे आवाज एकाच स्वरावर येतात आणि एक सॉकेट रिकामे असल्याचे कानाला कळतही नाही. मग सहा आवाजांच्या भरगच्च स्वरमेळांचा आग्रह कशासाठी? १९८१ साली डेपेश मोड या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम आला, तेव्हा त्यातला व्हिन्स क्लार्क एकस्वरी यंत्रांच्या सुट्या ओळी एकमेकींत गुंफत होता. आमचे १९८४चे यंत्र त्या मानाने उशिराचे, हे मान्य. तरीही यंत्रातला कोरस १ हा परिणाम लावून चार ओळी वेगवेगळ्या ध्वनिमुद्रित केल्यावर आमचे गाणे आधीपेक्षा मोकळे झाले आहे.

त्यामुळे या गाण्याच्या व्हिडिओचा आराखडाही बदलतो. दोन्ही हातांच्या स्वरमेळांऐवजी एका बोटाची जवळून घेतलेली दृश्ये पुरतील. जुना व्हीएचएस कॅमेरा मात्र बाजूला ठेवतो आहे, कारण आम्हाला ज्या चित्राची ओढ आहे ते मुळात टेपवरचे नव्हतेच: द ह्यूमन लीग या ब्रिटिश बँडच्या ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ या गाण्याचे चित्रण स्टीव्ह बॅरनने ३५ मिलिमीटर फिल्मवर, ओल्या रस्त्यांवर, रात्री केले होते. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी अमेरिकी वाहिनी सुरू झाली, तेव्हा व्हिडिओंचा साठा तुटपुंजा होता आणि ब्रिटिश बँडकडे तो तयार होता. सिंथेसायझरमागे उभी असलेली ती मंडळी अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचली, त्याचे हे एक मोठे कारण.

ओल्या रस्त्यासाठी पुण्यात जुलै पुरेसा आहे. तोवर तिसरी चिप बरणीत टाकतो; या वेळी पूर्ण चार दिवस, आणि टाचणी कपाटात.