रातराणीचा ड्रायव्हर

कार्तिक वद्य पंचमी, रात्रीचे 2.40

पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे भरती पुरी व्हायला अजून तासभर आहे, आणि गाज आत्ताच ओटीपर्यंत ऐकू येते आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला नोकरीत असताना हा हिशोब कधी लागला नाही. आता रोज लागतो, कारण रात्री घड्याळ बघायचं नाही असं ठरवलंय. (वरचे 2.40 मोबाइलवर चुकून दिसले. पुढे नाही बघणार.)

बायपासला आज 24 दिवस झाले. छातीचं मधलं हाड कापतात, काम झालं की स्टीलच्या तारेने बांधतात, आणि ती तार जन्मभर आतच राहते. हाड सांधायला 6 ते 8 आठवडे. तोवर कुशीवर वळू नका, हातावर भार देऊन उठू नका, जड उचलू नका, खोकला आला तर उशी छातीशी कवटाळून खोका. खोकण्याचं एक वेळ जमलं. पण मी जन्मभर डाव्या कुशीवर निजलेला माणूस. उताणं पडलं की मेल्यासारखं वाटतं, आणि या दिवसांत तसं वाटणं काही बरं नव्हे. शेवटी ओटीवरची आरामखुर्ची काढली, पाठीला दोन उशा लावल्या. त्यात निदान श्वास मोकळा होतो.

गंमत अशी की मी 31 वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी मालवण-मुंबई रातराणी. झोप घालवणं हाच धंदा. कशेडी घाटात रात्री दोनच्या सुमाराला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. मग खिडकी उघडायची, कंडक्टरला काहीतरी उकरून भांडायला लावायचं, तोंडावर पाणी मारायचं, आणि दाढेखाली तंबाखूची चिमूट. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू किती वर्षं? म्हटलं, नोकरी तेवढी. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. ज्या चिमटीने मला जागं ठेवलं तिनेच नळ्या तुंबवायला हात लावला असणार. भात, मासे आणि बापाचा वारसाही असेलच त्यात, सगळं तिच्यावर ढकलत नाही.

आयसीयूत तर दिवस-रात्र कळायची सोयच नव्हती. दिवे चोवीस तास, यंत्रांची टिकटिक, कोणी ना कोणी बीपी घ्यायला. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री मी सिस्टरला दरडावून विचारलं म्हणे, ‘‘डबल बेल का देत नाही? गाडी किती वेळ लागलीय स्टँडला!’’ ती बिचारी कोल्हापूरची. म्हणाली, ‘‘देते हं काका,’’ आणि सलाइनच्या स्टँडवर पेनाने दोनदा टकटक केलं. मग म्हणे मी गप्प पडून राहिलो. मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम पुष्कळांना होतो, चार-दोन दिवसांत जातो, असं नंतर डॉक्टरांनी समजावलं. पण मुलगा हे सगळ्यांना सांगत सुटलाय.

घरी आल्यावर भ्रम गेला, झोप काही आली नाही. डॉक्टरांना फोन केला तर दोन गोष्टी निघाल्या. लघवीची गोळी मी संध्याकाळी घेत होतो, त्यामुळे रात्रीत चार फेऱ्या. ती आता दुपारी. आणि नाडी आवरणाऱ्या गोळीने काहींना फार स्पष्ट, विचित्र स्वप्नं पडतात. मला पडतात. ब्रेक लागत नाही आणि मागे सगळी गाडी झोपलेली. ती गोळी मात्र मनाने बंद करायची नाही, असं बजावून सांगितलं.

हिचे उपाय वेगळे. परसातलं जायफळ उगाळून दुधातून देणार होती. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, इतक्या गोळ्यांत आणखी भर नको. मग तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासणं सुरू झालं. तेही उजवाच, कारण डाव्या पायाची शीर काढून हृदयाला जोडलीय, तिथे अजून टाके ओढतात. रोज एकच पाय शांत होतो.

मुलाने मनगटावर घड्याळ बांधून दिलं होतं. सकाळी सांगायचं, काल तुम्ही 3 तास 12 मिनिटं झोपलात. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, गाडीत चेकर चढलाय. काढून कपाटात ठेवलं.

वद्य दशमी, सकाळ

काल देवळात जत्रा. मला गर्दीत जायला मनाई, पण हिला हट्टाने पाठवली. महिनाभर ती रात्री डोळे मिटून पडते आणि मी कूस बदलायला गेलो की ‘‘वळू नकात’’ म्हणते. तिलाही एक रात्र सुटी हवी. माझ्या सोबतीला शेजारचा बाबल्या. कॉलेजात जातो, मोबाइल घेऊन ओटीवर बसला, आणि दहा मिनिटांत बाकावर आडवा. घोरणं असं की पखवाज मागे पडावा.

खुर्चीत बसून मी ऐकत होतो. वाऱ्यावर पायपेटी कधी स्पष्ट, कधी नाही. आडदशावतार, म्हणजे दशावतारी नाटकातला आख्यानाआधीचा भाग, सुरू झाला होता. मागे बाबल्याचा श्वास. रातराणीत असंच असायचं. आरशात 44 माणसं माना टाकून, कोणाचं पोर कोणाच्या मांडीवर, आणि जागा मी एकटा. तेव्हा त्या घोरण्याचा राग यायचा. काल नाही आला. वाटलं, पोर निजलंय, आपण बघू रस्त्याकडे.

झांजा वाढल्या, संकासूर आला असावा, लोक हसले. पुढचं आख्यान कुठलं होतं मला माहीत नाही.

डोळे उघडले तेव्हा वस्तीची गाडी इंजिन तापवत होती आणि ही खळ्यात उभी, हातात खाज्याची पुडी.

‘‘निजले काय रे हे?’’

बाबल्या डोळे चोळत उठला. ‘‘काकी, काका रातभर निजले. मी जागोच होतंय.’’

मी पुडी सोडली. आल्याचा वास आला. एकच तुकडा घेतला, गूळ जास्त नको म्हणून.