थिनरचे चार खोके

वाळूज एमआयडीसीत औद्योगिक रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचं डिस्पॅच बघतो. रंग, प्रायमर, हार्डनर, थिनर असा आमचा माल. यातलं जवळपास सगळं पेट घेणारं, म्हणून विमानाने पाठवायचं तर आयएटीएच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) धोकादायक मालाच्या नियमांत बसवून पाठवावं लागतं. त्या नियमांची नवी आवृत्ती दरवर्षी १ जानेवारीला लागू होते आणि पुस्तक चांगलं जाडजूड असतं. पूर्वी तेच उघडं ठेवून टाइप करत बसायचो. आता सॉफ्टवेअर आहे. यूएन नंबर, म्हणजे धोकादायक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकला की मालाचं अधिकृत नाव, क्लास (धोक्याचा प्रकार), पॅकिंग ग्रुप (धोका किती ते; एक सर्वांत जास्त, तीन सर्वांत कमी), एका खोक्यात किती लिटर चालेल, प्रवासी विमानातून जाईल की फक्त मालवाहू विमानातून, हे सगळं समोर येतं. एखाद्या विमान कंपनीची किंवा देशाची वेगळी अट असली तर तीही दाखवतं. सगळं जुळलं की लाल तिरप्या पट्ट्यांची किनार असलेला डिक्लरेशनचा, म्हणजे माल काय आहे ते आम्ही लिहून देण्याचा, कागद छापून मिळतो. त्यावर सही माझी. ही सही करण्यासाठी दर २४ महिन्यांनी पुन्हा ट्रेनिंग घेऊन परीक्षा द्यावी लागते.

सॉफ्टवेअर आल्यापासून माल परत येणं फार कमी झालं, हे आधीच सांगतो. मुंबई विमानतळाच्या कार्गोत चेकलिस्ट घेऊन बसलेला माणूस एका स्पेलिंगवरून माल नाकारतो, आणि त्याचं बरोबरच असतं. त्या बाबतीत या सॉफ्टवेअरने आमची डोकेदुखी पुष्कळ कमी केली. तरीही मे महिन्यातली ती थिनरची केस मला लिहून ठेवावीशी वाटते.

जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाला ट्रायलसाठी थिनर हवं होतं. चार खोकी, प्रत्येकात पाच-पाच लिटरचे चार पत्र्याचे डबे. म्हणजे खोक्याला २० लिटर. यूएन १२६३, रंगाशी संबंधित पदार्थ, क्लास ३, म्हणजे पेट घेणारे द्रव. आमच्या सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे मालाच्या धोक्यांची माहिती देणाऱ्या कागदावर, या थिनरचा फ्लॅश पॉइंट २६ अंश. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने भपकन पेटते ते तापमान. २३ ते ६० अंशांच्या मधला म्हणून पॅकिंग ग्रुप तीन. ग्रुप तीनचं असं थिनर प्रवासी विमानातून एका खोक्यात ६० लिटरपर्यंत चालतं, त्यामुळे २० लिटरला काहीच अडचण नव्हती. फ्लाइट बुक, इनव्हॉइस तयार, पॅकिंग लिस्ट तयार. सॉफ्टवेअरने सगळ्या रकान्यांवर हिरवी खूण दिली. डिक्लरेशन छापायचं तेवढं बाकी होतं, आणि मार्केटिंगचा फोन सकाळपासून दर तासाला येत होता.

पॅकिंगला आमच्याकडे गंगापूर तालुक्यातल्या एक मावशी आहेत. डबा खोक्यात घालायच्या आधी त्या तो खाकी कागदावर उलटा ठेवतात, झाकणातून गळतंय का बघायला. असं करा म्हणून त्यांना कुणी लिहून दिलेलं नाही. एका डब्याचं झाकण सैल होतं, कागदावर रुपयाएवढा ओला डाग पडला. दाखवायला म्हणून त्यांनी हेल्पर पोराला हाक मारली. तो शेडच्या दुसऱ्या टोकाहून येईपर्यंत डाग गायब. मावशींनी झाकण घट्ट केलं, पण पॅकिंग थांबवलं आणि माझ्याकडे आल्या.

"दादा, हे थिनर रोजचं नाही बरं."

"काहून, मावशी?"

"लई लवकर वाळायलंय. रोजच्याचा डाग कागदावर रेंगाळतो, याचा बगा, हाक मारेस्तोवर उडाला. अन् वासबी येगळाच यायलाय."

मी शेडमध्ये गेलो. त्यांनी माझ्यासमोर दोन कागद मांडले. एकावर मागच्या बॅचच्या उरलेल्या डब्यातला थेंब, दुसऱ्यावर या बॅचचा. शेडमध्ये दुपारचा चाळिशीचा पारा, तेव्हा दोन्ही वाळणारच. पण नवा थेंब कडेकडेने आत ओढला जात बघता बघता नाहीसा झाला. जुन्याचा तेलकट कडा असलेला गोल बराच वेळ तसाच राहिला. हे दिसल्यावर डिक्लरेशन छापायचा प्रश्नच उरला नाही.

प्रॉडक्शनला फोन लावला. दोन माणसं फिरून तिसऱ्याकडून खरं कळलं. झायलीनचा, म्हणजे थिनर ज्या सॉल्व्हेंटपासून बनतं त्याचा, टँकर वेळेवर आला नव्हता. बॅच थांबू नये म्हणून झायलीनचा काही भाग टोल्युईन या दुसऱ्या सॉल्व्हेंटने भरून काढला होता. रंग पातळ करायच्या दृष्टीने काम तेच होतं, गिऱ्हाइकाला फरकही कळला नसता. पण झायलीनचा फ्लॅश पॉइंट पंचविशीच्या पुढे असतो आणि टोल्युईनचा ४ अंशांच्या आसपास. मिश्रणात टोल्युईन शिरलं की तो खाली येणारच.

मग क्यूसीने, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाने, बॅच पास कशी केली, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. क्यूसी थिनरचा रंग बघते आणि घनता मोजते. दोन्ही द्रव पाण्यासारखे स्वच्छ, आणि दोघांची घनता ०.८७ च्या आसपास. त्यांच्या मोजमापात तो बदल दिसायला जागाच नव्हती. फ्लॅश पॉइंट फक्त नवीन फॉर्म्युला मंजूर करताना काढायचा, अशी आमची पद्धत होती. म्हणून मला क्यूसीच्या पोरींचा राग आला नाही. राग आला तो बॅच कार्डवर 'झायलीन' तसंच राहू देण्याचा.

लॅबमध्ये नमुना आधी बर्फात ठेवावा लागला. मे महिन्यात आमच्या लॅबचं तापमानच तिशीच्या वर, त्यामुळे द्रव थंड करून १० अंशांच्या खालून सुरुवात केल्याशिवाय मोजता आलं नसतं. बंद कपाचं उपकरण. झाकणाची छोटी खिडकी सरकते, बारीक ज्योत आत डोकावते, खिडकी मिटते. एक अंश वाढला की पुन्हा. बारा, तेरा, चौदाला काही नाही. १७ अंशांना खिडकीतून निळसर झाक झर्रकन फिरली आणि विझली. लॅबच्या मुलीने ताजा नमुना घेऊन पुन्हा केलं. पुन्हा १७.

२३ च्या खाली, म्हणजे पॅकिंग ग्रुप दोन. काही घट्ट रंगांना दाटपणाच्या कसोटीवर ग्रुप तीनमध्ये राहायची सवलत मिळते, पण थिनर पातळ, त्याला ती लागू नाही.

मी परत टेबलावर आलो, त्याच कन्साइनमेंटमध्ये ग्रुपचा रकाना तीनचा दोन केला, आणि हिरवी स्क्रीन लाल झाली. सॉफ्टवेअरचं खरं बळ मला त्या क्षणी दिसलं. ग्रुप दोनला प्रवासी विमानात एका खोक्यात ५ लिटरच चालतात, आमचे २० होते. मालवाहू विमानात ६० लिटरपर्यंत चालतं, पण मग पॅकिंग इन्स्ट्रक्शन (पॅकिंगच्या नियमाचा क्रमांक) ३५५ ऐवजी ३६४ आणि खोक्यावर नारिंगी 'कार्गो एअरक्राफ्ट ओन्ली' लेबल. शेवटची हरकत खोक्यावरच होती. आमच्या खोक्यांवर छापलेलं होतं ४जी/झेड२५/एस. ४जी म्हणजे पुठ्ठ्याचा खोका, २५ म्हणजे भरून किती किलोपर्यंत, आणि 'झेड' म्हणजे फक्त ग्रुप तीनसाठी तपासलेला. ग्रुप दोनला 'वाय' किंवा 'एक्स' लागतो. उंचावरून पाडून खोक्याची चाचणी घेतात, माल जितका धोकादायक तितकी ती जास्त उंचीवरून होते. झेडच्या खोक्यात ग्रुप दोनचा माल भरणं म्हणजे ज्या धक्क्याची परीक्षाच त्या खोक्याने दिलेली नाही, तो त्याला सोसायला लावणं.

हे सगळं सॉफ्टवेअरने अचूक पकडलं, कारण यावेळी त्याला खरं सांगितलं होतं. सकाळी २६ सांगितलं तेव्हा त्याने २६ चा हिशेब तितकाच अचूक केला होता. मी टाकलेल्या आकड्याचं पुस्तकाशी जुळतंय का, एवढंच ते बघतं. डब्यात काय ओतलंय ते फक्त शेडमध्ये कळतं.

मार्केटिंगचे साहेब स्वतः खाली आले. तापट माणूस नाही, पण गिऱ्हाइकाची लाइन सोमवारी सुरू व्हायची होती.

"सॉफ्टवेअरने सकाळी पास केलं होतं ना?"

"केलं होतं, सर. पण तो आकडा या बॅचचा नाही."

"मुंबईत कोण डबा उघडून बघणार आहे?"

कुणीच नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. कार्गोत कागद तपासतात, खोका बाहेरून तपासतात, लेबलं तपासतात. ग्रुप दोन असो की तीन, क्लास ३ चं ज्वाळेचं लाल लेबल दोघांनाही तेच. खोका बंद झाला की आतल्या सतरा अंशांची खबर देणारा एकच पुरावा उरतो, तो म्हणजे आमचा कागद. विमानात माल चढवणारा, वैमानिक, वरच्या सीटवर लेकरू मांडीवर घेऊन बसलेली बाई, हे सगळे त्या कागदावर विसंबून असतात.

ट्रेनिंगमध्ये व्हॅल्यूजेटची गोष्ट सांगतात, ती मी साहेबांना सांगितली. ११ मे १९९६, अमेरिकेत मायामीहून उडालेलं विमान. पोटातल्या मालात विमानात वापरायचे ऑक्सिजन जनरेटर होते. कागदावर त्यांची नोंद 'रिकामे' अशी होती. ते रिकामे नव्हते. आग लागली, विमान दलदलीत कोसळलं आणि आतले सगळे ११० जण गेले. तिथेही लोडिंग करणाऱ्यांनी डबे उघडून बघितले नव्हते. त्यांनी कागद वाचला होता.

साहेब थोडा वेळ गप्प बसले. ते वाळूजमधल्याच बजाजनगरला राहतात. २०२३ च्या ३१ डिसेंबरला पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून सहा कामगार गेले. ती आग वाळूजमध्ये अजून कुणी विसरलेलं नाही. मला तिचा उल्लेख करावा लागला नाही. "गिऱ्हाइकाला मी सांगतो, तू तुझं कर," म्हणाले आणि वर गेले.

खरी धावपळ त्यानंतर झाली. 'वाय'चे खोके स्टोअरमध्ये दुसऱ्या मालासाठी आणलेले होते. पण नुसता 'वाय' बघून भागत नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगचं जे चाचणीचं सर्टिफिकेट त्या खोक्याला असतं, त्यात आतले डबे कसले आणि केवढे, तेही लिहिलेलं असतं. चाचणी काचेच्या बाटल्या घालून झाली असेल तर आमचे पत्र्याचे डबे सरसकट तसेच घालता येत नाहीत. फाइल शोधली. नशिबाने पाच लिटरचेच पत्र्याचे डबे होते, चारच्याच मांडणीत. मावशींनी आणि पोराने चारही खोकी पुन्हा भरली. प्रत्येक डबा पुन्हा कागदावर उलटा.

प्रवासी फ्लाइट रद्द केली, मालवाहू विमानात जागा मिळाली ती दोन दिवस उशिराची. सेफ्टी डेटा शीट या बॅचपुरती नव्याने काढली, कारण डिक्लरेशनवर ग्रुप दोन आणि सोबतच्या शीटवर २६ अंश असा माल मुंबईत पाहिल्याबरोबर परत फिरतो. गाडीचा ड्रायव्हर धोकादायक मालाचं ट्रेनिंग घेतलेलाच लागतो, त्याच्या हातात ट्रेम कार्ड (वाटेत अपघात झाला तर काय करायचं याची माहिती) दिलं, गळती झाली तर काय करायचं ते मराठीत समजावलं. गाडी माळीवाड्याहून समृद्धीवर चढली आणि सकाळी मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोला पोचली. तिथे चेकलिस्टवर एकही हरकत निघाली नाही. सोमवारची लाइन बुधवारी सुरू झाली, आणि गिऱ्हाइकाने उशिराबद्दल आम्हाला एक कडक मेल पाठवली. ती मेल मी फाइलला नव्या डिक्लरेशनच्या मागेच लावली आहे.

नंतरच्या मीटिंगमध्ये मी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, सॉल्व्हेंट बदललं की बॅच कार्डवर ते लिहायचं आणि एक्स्पोर्टच्या प्रत्येक थिनरच्या बॅचचा फ्लॅश पॉइंट काढायचा. याला लगेच होकार मिळाला. दुसरी, पॅकिंगच्या कुणालाही माल थांबवायचा लेखी अधिकार हवा. 'मावशींना वाटलं म्हणून बुकिंग रद्द करायची का?' असा प्रश्न आला. मी म्हटलं, रद्द नको, पण लॅबचा आकडा येईपर्यंत थांबायचं. लॅबला त्या दिवशी दीड तास लागला होता. यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी पॅकिंगच्या टेबलाजवळ लाल कार्डं ठेवली गेली. ज्या खोक्यावर कार्ड लागेल तो माझी आणि लॅबची सही झाल्याशिवाय हलत नाही. पहिलं कार्ड मावशींनीच लावलं, एका हार्डनरच्या डब्याचं झाकण फुगलेलं दिसलं म्हणून. तपासल्यावर काही निघालं नाही, तासाभराने माल गेला. मी त्यांना मुद्दाम सांगून आलो की कार्ड लावलं ते बरोबरच केलं.

सॉफ्टवेअरमध्येही एक बदल हवा आहे. सध्या फ्लॅश पॉइंट आणि पॅकिंग ग्रुप मालाच्या कोडवरून येतो, एकदा भरला की वर्षानुवर्षं तोच. बॅच नंबर टाकल्याशिवाय आणि त्या बॅचचा लॅबचा आकडा चढल्याशिवाय डिक्लरेशन छापूच नये, असं कुलूप मी मागितलंय. व्हेंडरने करता येईल म्हणून कळवलंय आणि खर्चाचा आकडा दिलाय. फाइल मंजुरीसाठी वर गेली आहे. तोवर प्रत्येक एक्स्पोर्ट बॅचचा लॅब रिपोर्ट मी स्वतः हातात घेतो आणि मगच प्रिंट काढतो.