आज गणित झालंच नाही

दसरा होऊन आठवडा झाला होता. बालाघाटाच्या आमच्या डोंगरपट्ट्यात या दिवसांत गावं निम्मी होतात. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, उन्हाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत संसार भरून सांगली, कोल्हापूर, कर्नाटक गाठतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. लेकरं त्या कोयत्यामागे जातात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पदवीधर शिक्षिका आहे, सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. २००९ साली शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिना ३ हजार रुपये मानधन होतं. आज ७१ हजार हातात पडतात. हे आकडे मुद्दाम सांगते, कारण त्या आठवड्यात माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालवणाऱ्या एका संस्थेनं मला मुख्याध्यापक म्हणून बोलावलं होतं. पगार ४२ हजार. गुरुवारी रात्रीपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

माझं उत्तर जवळजवळ ठरलेलं होतं, नाही म्हणायचं. पगाराचं एक कारण होतंच, पण त्याहून मोठं कारण खडूचं होतं. मुख्याध्यापक झालेल्या माझ्या मैत्रिणी मी पाहिल्यात. यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, आधार जुळवणी, पोषण आहाराची रोजची नोंद, बैठका. त्यांच्या हातून फळा सुटला तो सुटलाच. सहावीच्या पोराला ऋण संख्या पहिल्यांदा कळते तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते सोडून मी कागदांत का जाऊ?

त्या गुरुवारी आमच्याकडचे प्रभारी गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते. पट १५०च्या खाली गेल्यापासून आमच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक नाही. सगळ्यांत सेवाज्येष्ठ शिक्षक स्वतःचा वर्ग सांभाळून प्रभार सांभाळतो, आणि तो नसेल तर त्याच्या खालचा. म्हणून चाव्या माझ्याकडे आल्या.

परिपाठाला सातवीत नऊ जागा रिकाम्या होत्या. दहाच्या सुमारास फाटकासमोर ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत पत्रे, बांबू, पिठाची पोती, एक शेळी. आई खाली उतरली, मागून माझ्या सातवीतली मुलगी. तिच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ होता.

"म्याडम, हिला ठिवता का शाळंत? म्हातारी हाय घरी, पर तिला दिसत न्हाई. सैपाक कोन करंल?"

अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल रात्री आजीकडे झोपतं, दुपारी शाळेचा पोषण आहार असतोच, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समिती देते. आमचा प्रस्ताव यादीसकट गेला होता. मंजुरी आली नव्हती. ती दर वर्षीच ट्रॅक्टर गेल्यावर येते, आणि तेव्हा यादीतली निम्मी मुलं उसाच्या फडावर पोचलेली असतात. तालुक्याला सरकारी वसतिगृह आहे हेही मी सांगून पाहिलं. बापानं मान हलवली. वयात येणारी पोर नजरेआड ठेवायला तो तयार नव्हता.

मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती. भावाच्या नाकाला पदर लावावा तशी ओढणीची कड लावून ती ट्रॉलीतल्या शेळीकडे बघत होती. फडावर तिला काय करायचं होतं ते तिला माहीत होतं. आई-बाप पहाटे तीनला फडात गेले की कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, या पोराला सांभाळायचं, पाणी आणायचं, भाकरी थापायच्या.

एरवी मी काय केलं असतं? हळहळले असते, हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजर मांडलं असतं आणि पुढचा धडा घेतला असता. सोळा वर्षं हेच केलं होतं. पण त्या दिवशी शिक्का माझ्या टेबलावर होता.

समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. ते शेतातून चिखलाच्या पायांनीच आले. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पैशाचं नंतर बघू, पर सरपन लागंल." किराणा दुकानदाराकडे मी स्वतः गेले. त्याच्या दोन्ही मुली माझ्या हाताखालून गेल्यात. त्यानं वही उघडली आणि शाळेच्या नव्हे, माझ्या नावावर खातं मांडलं. समितीचा ठराव मीच लिहिला, सह्या घेतल्या. मंजुरी आलीच नाही तर खर्च माझ्या पगारातून जाईल हे लिहिताना हात थोडा थांबला, पण लिहिलं.

दुपारपर्यंत बातमी पसरली. चौदा मुलं झाली. शेवटच्या ट्रॅक्टरमधून एका बापानं दोन पोरं अक्षरशः उचलून खाली ठेवली आणि हात जोडले. सातवीतल्या मुलीचा धाकटा भाऊ मात्र आईबरोबर गेला. तो लहान, आईशिवाय राहणारा नव्हता. ती त्याच्याकडे बघत फाटकाशी उभी राहिली. धूळ खाली बसेपर्यंत मीही तिच्याशेजारी उभी होते.

या सगळ्यात मी दिवसभर एकही तास घेतला नाही. सहावी, सातवी एका खोलीत बसवली होती. भिंतीपलीकडून त्यांचा गोंधळ ऐकू येत होता आणि माझा जीव वर-खाली होत होता. चार वाजता ती मुलगी वही घेऊन कार्यालयात आली.

"म्याडम, आज गणित झालंच नाही."

डोळे रडून सुजलेले, आणि ती गणित मागत होती. मी तिला स्वयंपाकघरात नेलं. मोठ्या वर्गाच्या मुलाला दुपारच्या जेवणात १५० ग्रॅम तांदळाचं प्रमाण असतं, तेच आम्ही संध्याकाळी धरणार होतो. "चौदा जणांना किती?" तिनं बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, दोन किलो शंभर ग्रॅम. ताईंनी तेवढा तांदूळ मोजला. एवढ्यात वस्तीवरची आणखी तीन पोरं दारात आली. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अजून साडेचारशे टाका."

मला त्या रात्री झोप लागली नाही. नोव्हेंबर ते मार्च मी इतकी वर्षं कुणाला शिकवत होते? पक्की घरं, बागायती जमीन असलेल्यांच्या लेकरांना. उरलेल्यांसाठी माझं चांगलं शिकवणं शाळेत तसंच पडून राहत होतं. बाकावर मूल बसलेलंच नसेल तर फळ्यावर कितीही सुंदर मांडा. त्याला बाकावर बसवणं हेही गणिताच्या शिक्षिकेचंच काम आहे, हे मी कधी धरलंच नव्हतं.

संस्थेच्या सचिवांना फोन केला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी दोन गोष्टी मागितल्या. रोज एक तासिका सातवीच्या गणिताची माझी राहील, आणि जूनच्या आधी मी येणार नाही, कारण ही सतरा लेकरं आई-बाप परत येईपर्यंत माझी आहेत. दोन्ही त्यांनी मान्य केलं. पगार वाढवता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

मंजुरी तीन आठवड्यांनी आली, दुकानदाराचं खातं मिटलं.

घरात यजमानांनी एकच विचारलं, "बसतंय का?" कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आम्ही मांडून पाहिलं. ४२ हजारांतून घरासाठी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता १२, मुलगा अकरावीला लातूरला आहे त्याचे १८. उरले १२. त्यात यजमानांच्या कृषी सेवा केंद्राचं जे काही सुटेल ते. त्यांनी बराच वेळ त्या १२कडे बघितलं, मग पेन घेऊन खाली लिहिलं, "लातूर अजून दीड वर्ष", आणि कॅलेंडर परत भिंतीला लावलं.