बोलिंगच्या कार्डावर अडकलेले १,४०० रुपये

लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला नवी मुंबईतल्या एका मॉलमधल्या बोलिंग सेंटरवर तासाभरासाठी दोन लेन घेतल्या होत्या. बुकिंग, शूज, केक, सगळं सुरळीत झालं. विसाव्या मिनिटाला एक लेन बंद पडली. पिना (बॉलने पाडायच्या त्या बाटल्यांसारख्या) झाडून नेणारी आडवी पट्टी खाली आली ती वर जाईचना, तिच्यामागे दोन पिना आडव्या अडकलेल्या. मेकॅनिक दोनदा आत जाऊन आला. सहा पोरं तोंडं पाडून बसलेली. तास संपल्यावर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, १,४०० रुपये आमच्या सेंटरच्या गेम कार्डावर टाकतो, आमच्या कुठल्याही सेंटरला चालतील." मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं. ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात परत मागा आणि तसं बिलावर लिहून घ्या.

आम्ही राहतो ठाण्यात, घोडबंदरला. पुढच्या रविवारी त्यांच्याच ठाण्याच्या सेंटरला गेलो, तर कार्डावर बॅलन्स शून्य. "हे त्या ब्रँचचं क्रेडिट आहे, तिथेच दिसेल." पाटी तीच, कार्ड तेच, आणि पैसे मात्र ब्रँचचे! ट्रान्स हार्बर लोकलने पुन्हा नवी मुंबईला गेले. तिथे पैसे दिसले, पण "हे फक्त व्हिडिओ गेम्सना, बोलिंगला नाही." वर मुदत तीस दिवसांची, त्यातले नऊच उरलेले. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. काउंटरवरची मुलगी बिचारी कार्ड उलटंपालटं करत राहिली. तिच्या हातात काही नव्हतं. मॅनेजर सुट्टीवर. कस्टमर केअरचं रोज एकच, "कळवतो." लेक विचारायची, "आई, परत कधी जायचं?" संताप व्हायचा.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. बिल आणि बंद लेनचा फोटो जोडला (तो भावाने सहज काढला होता, फार कामी आला), तक्रार क्रमांक मिळाला. आठव्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात जमा! इतका आनंद मला वाढदिवसालाही झाला नव्हता.

आणखी एक, लेन तासावर घेऊ नका, गेमवर घ्या. एका गेमला प्रत्येकाच्या दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या, फ्रेमला साधारण दोन बॉल. सहा मुलं म्हणजे शंभरावर बॉल. लेन धड चालली तरी तासात जेमतेम एक गेम होतो. आणि मोजे घरून न्या.