आमची वाटचाल: नेरूळ ते आवास, व्हाया करंजा

नेरूळहून सकाळी निघायचं, उरणवरून करंजा, करंजाहून लाँचने रेवस, रेवसला मिनीडोअर रिक्षा उभ्या असतात त्यातून अलिबागजवळचं आवास, दिवसभर बीच, संध्याकाळी परत. आमचा धंदा एवढाच. मुक्काम नाही, रिसॉर्ट नाही, डीजे तर अजिबात नाही. लोक विचारतात एवढ्याशा ट्रिपवर कसं चालतं तुमचं, तर चालतं, आणि या बाजूला हे सुरू करणारे पहिले आम्ही, हे आत्ताच लिहून ठेवतो कारण हल्ली दुसऱ्याच कोणीतरी बॅनरवर "सर्वप्रथम आम्हीच" छापून घेतलंय. त्यांच्याकडे येतो नंतर.

मी आधी टीटीसी पट्ट्यात, म्हणजे ठाणे-बेलापूर रोडच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत स्टोअरला होतो. कंपनी बंद पडली, हिशोब हातात आला, आणि आमच्या बॅचचे निम्मे जण रिक्षात गेले. मी पण जाणार होतो, पण बायकोचं माहेर आवासशेजारचं सासवणे. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तो करंजा-रेवस लाँचनेच, त्यामुळे रस्ता पायाखालचा होता. कंपनीतले मित्र दर उन्हाळ्यात म्हणायचेच, अरे आम्हाला ने एकदा. नेलं. त्यांनी त्यांच्या सोसायटीत सांगितलं, सोसायटीने महिला मंडळात सांगितलं, आणि मग मुलीने बिलबुक छापून आणलं. झाली कंपनी.

लोकांना वाटतं आम्ही बीच विकतो. बीच फुकटच आहे, तो कोण विकत घेईल. आम्ही तिथी विकतो. म्हणजे बघा, भरतीची वेळ काढायचा कोळीलोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला साधारण भरती. मध्ये दुपारी बाराला ओहोटी. आता आमच्या ट्रिपला हे लावा: दुपारी लोक बीचवर असतात तेव्हा पाणी लांब गेलेलं, क्रिकेट खेळायला कडक वाळू मोकळी, आणि संध्याकाळी परतताना रेवसला पाणी भरपूर, लाँच आरामात लागते. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याला जोर कमी. पौर्णिमा-अमावस्येला याच्या बरोबर उलटं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे जेवायच्या वेळेला पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं, आणि तुम्ही परत निघता तेव्हा उधाणाची ओहोटी, रेवस जेटीपाशी गाळ वर आलेला. म्हणून आमच्याकडे फक्त सप्तमी ते दशमीच्या मधले रविवार, शुद्ध असो की वद्य. कोणी कितीही पैसे देऊ दे, पौर्णिमेची ट्रिप आम्ही केलेली नाही, करणारही नाही.

हे मला शिकवलं तांडेल मामांनी. मामा करंजाचे, स्वतःची बोट विकून लाँचवर होते, आता घरीच असतात. पहिल्या वर्षी मी कॅलेंडर बघून सुट्टीचा रविवार पकडला आणि त्यांना जाऊन सांगितला, तर म्हणाले, "शेठ, त्या दिशी नको. सांजचं पानी उतरंल, मंग बसा चिखलान." मी तारीख बदलली. तेव्हापासून नवीन कॅलेंडर आलं की पहिलं मामांकडे जायचं, ते अंगठ्याने बोटांची पेरं मोजत तारखा सांगतात आणि मी लाल पेनाने गोल करतो. आता मोबाईलवर भरतीचा तक्ता मिनिटासकट मिळतो, तरी मी जातो. तक्त्यात आणि मामांत कधी मोठा फरक पडलेला बघितला नाही.

सामानाबद्दल लिहायलाच हवं, कारण ट्रिप सामानावर उभी असते. लाँचवर लाइफ जॅकेट असतात तरी मी स्वतःची लहान मुलांच्या मापाची वेगळी नेतो, मोठ्यांचं जॅकेट सहा वर्षांच्या पोराला घातलं तर पोर खालून निसटतं, काही उपयोग नाही. पायांमधून जाणारी पट्टी असलेलीच घ्यायची. ट्रिपवरून आली की गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायची, उन्हात नाही, उन्हाने आतला फोम कडक होतो आणि बक्कल तडकतात. ताडपत्री जाड घ्या, पिवळी घ्या, निळी फाटते. बर्फाची पेटी मी भाऊच्या धक्क्यावरून सेकंडहँड आणली होती, मासळीवाल्यांची, पहिल्या वर्षी कितीही धुतली तरी ताकाला बोंबलाचा वास यायचा, पण त्या पेटीत सकाळचा बर्फ संध्याकाळी पण शिल्लक असतो. ते पिकनिकचे रंगीत फॅन्सी बॉक्स येतात ना, दुपारी दोनला नुसतं कोमट पाणी. आणि शिट्टी. मेगाफोन नको, मेगाफोनने माणूस कंडक्टरसारखा ओरडायला लागतो. एक लांब शिट्टी म्हणजे जेवण, दोन म्हणजे पाण्याबाहेर या. आमच्या जुन्या लोकांच्या नातवंडांना पण पाठ आहे.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मार्च २०२० ला सीझन पूर्ण बुक होता. एप्रिल आणि मेच्या सगळ्या तारखांचे ॲडव्हान्स आलेले, त्यातून मी जॅकेटचा नवीन सेट घेतला, मिनीडोअरवाल्यांना उचल दिली, आवासच्या वहिनींना (आमचं जेवण त्यांच्याकडे असतं, तांदळाची भाकरी, मासे, ज्यांना चालत नाही त्यांना वालाचं बिरडं, वर सोलकढी) तांदूळ भरायला पैसे दिले. आणि लॉकडाऊन. लोकांचे फोन सुरू झाले. काहीजण चांगलं बोलले, पण काहीजण असं बोलले की जणू मी पैसे घेऊन दुबईला पळालोय. मी सगळ्यांचे परत केले, एफडी मोडली, ईको गाडी विकली, पण केले. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने तर व्याज मागितलं. व्याज! त्यांचं नाव इथे लिहीत नाही, वाचतायत ते.

त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूलाच धडकलं. वहिनींच्या घराची कौलं गेली, पडवी पूर्ण बसली, वाडीतल्या माडा-पोफळींचे तुकडे. आम्ही जिथे ताडपत्री टाकायचो तिथली सुरूची झाडं आडवी. पत्र्यांना कोणीही काहीही भाव सांगत होतं. मी तेव्हा वहिनींना तांदळाची उचल परत मागणार नव्हतोच, पण त्यांनीच फोन करून सांगितलं, "भाऊजी, तांदूळ भिजला, पण पैसे मी फेडीन." पुढे त्या खरंच प्रत्येक ट्रिपला थोडे थोडे कापून द्यायच्या, मी नको म्हटलं तरी. २०२१ च्या एप्रिलला परत सगळं बंद. दोन उन्हाळे गेले. आमचा सीझन मार्च ते मे, पावसाळ्यात काही नाही, थंडीत थोडंफार, म्हणजे दोन उन्हाळे म्हणजे दोन वर्षंच. मी तेव्हा सीवूड्सला एका बिल्डिंगमध्ये रात्रपाळीला वॉचमन होतो, हे फार थोड्या लोकांना माहितीये. त्याच बिल्डिंगमधले लोक आमच्या ट्रिपला यायचे. काहींनी ओळखलं, काहींनी ओळखून न ओळखल्यासारखं केलं.

सानपाड्याच्या काकूंबद्दल सांगतो. रिटायर्ड गणिताच्या बाई. पहिल्या वर्षापासून येतात. स्वतःचं फोल्डिंग स्टूल, पाण्याची बाटली, आणि पाकिटात मोजलेले पैसे, वर नाव आणि तारीख लिहिलेली. पाऊणपटीचा हिशोब मी त्यांना सांगितला तर लाँचमध्येच पेन काढून म्हणाल्या, अरे बरोबर आहे, चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, तिथीमागे पाऊण तास म्हणजे जवळजवळ तेवढंच. मला एवढी वर्षं माहिती होतं की हिशोब जुळतो, का जुळतो ते काकूंनी सांगितलं. लॉकडाऊनमध्ये त्यांना पैसे परत द्यायला फोन केला तर म्हणाल्या, "मी ट्रिपचे पैसे दिलेत. ट्रिप कर, फिटले." आणि ठेवला फोन. त्यांच्यामुळेच आम्ही येताना सासवण्याला थांबायला लागलो, करमरकरांचं शिल्पालय बघायला. पुण्याला शिवाजी प्रिपरेटरी शाळेत शिवाजी महाराजांचा जो अश्वारूढ पुतळा आहे ना, १९२८ चा, तो ज्यांनी केला ते विनायकराव करमरकर सासवण्याचे. माझं सासर त्या गावात असून मी कधी आत गेलो नव्हतो. तिथे एक म्हैस आहे सिमेंटची, लहान मुलं हात लावून बघतात खरी आहे का.

आता बॅनरवाले. हा मुलगा आमच्याकडेच हेल्पर होता, कॉलेजला असल्यापासून. पेटी उचलायचा, फोटो काढायचा, फोटो चांगलेच काढायचा हे मान्य. २०२२ ला आम्ही परत उभे राहत होतो तेव्हा त्याने स्वतःचं सुरू केलं. करावं, कोणी अडवलं नाही. पण फोटो आमचे वापरले. वहिनींच्या पडवीतला काकूंचा फोटो, हातात भाकरीचं ताट, तो त्याच्या जाहिरातीत! रेट आमच्यापेक्षा दीडशेने कमी. सीवूड्सची एक सोसायटी, दरवर्षी न चुकता आमच्याकडे यायची, ती दीडशेसाठी तिकडे गेली. दोन एसीचे टॉवर आहेत त्यांचे.

त्याने ठेवली "फुल मून बीच ट्रिप". रविवारी पौर्णिमा, सुट्टी, फोटो मस्त येणार. मामांना कळलं तर त्यांनी त्याला निरोप पण धाडला, जाऊ नको म्हणून. तो म्हणाला ॲपवर सगळं बघितलंय. दुपारी पाणी वर चढलेलं, पोरांना खेळायला वाळूच नाही, आणि संध्याकाळी रेवसला सगळे जेटीवर उभे, खाली चिखल, लाँच लागेना. मला सेक्रेटरीचा फोन, तोच व्याजवाला: "तुमची ट्रिप अडकलीये, काहीतरी करा." म्हटलं आमची नाही हो, आमची पुढच्या रविवारी आहे. तरी मी मामांना फोन केला, मामांनी करंजाला ओळखीच्या माणसाला सांगितलं, पाणी चढल्यावर लाँच गेली आणि सगळ्यांना घेऊन आली. लहान मुलं, बायका, म्हातारी माणसं होती, राग कोणावर काढणार. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज पडला, ऑर्गनायझरने परिस्थिती उत्तम हाताळली, धन्यवाद. पुढच्या वर्षी ती सोसायटी परत त्याच्याकडेच गेली. दीडशे रुपये.

नवीन मुलं हल्ली मला विचारतात काका धंदा कसा करायचा, आणि नाही विचारलं तरी सांगतो. अर्धे पैसे आधी घ्या. व्हॉट्सॲप पोलमध्ये "येणार" दाबणारा माणूस येत नसतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तारीख ठेवू नका, वारा फिरलेला असतो. बारा ते तीन लोकांना सावलीतच झोपवा, भांडले तरी चालेल, कारण चक्कर आली की ट्रिप तुमच्या नावाने लक्षात राहते. ओहोटी चालू असताना कमरेच्या पुढे कोणाला जाऊ देऊ नका, पाणी आत खेचतं. जेवण गावातच घ्या, कॅटरर इथून नेऊ नका. येताना लोक पांढऱ्या कांद्याच्या माळा घेतात, त्या लाँचमध्ये कुठेतरी विसरतात, मोजून चढवा.

रोरो, म्हणजे गाड्या चढवून नेणारी मोठी बोट, आल्यापासून गाडीवाले स्वतःच भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जातात, ते गिऱ्हाईक गेलं. १८ डिसेंबर २०२४ चा गेटवेसमोरचा बोटीचा अपघात झाल्यावर तर पुढचा सीझन अर्धा रिकामा होता, लोकांचं बरोबरच आहे, मी पण त्या दिवशी जॅकेट परत एकदा सगळी तपासली. पण एक चांगलं झालं, १२ जानेवारी २०२४ ला लोकल उरणपर्यंत गेली. आधी गव्हाण फाटा, करळ फाटा, कंटेनरच्या ट्रेलरमागे बस उभी, अर्धी ट्रिप तिथेच व्हायची. आता नेरूळहून बसलं की उरण.

रेवस-करंजा पूल होणार हे अंतुलेसाहेबांच्या काळापासून ऐकतोय. आता खरंच काम चालू आहे. पूल झाला की तुमचं काय, असं सगळे विचारतात, त्यात तो बॅनरवाला पण होता, मुद्दाम फोन करून. पूल झाला तरी बीचवर पाणी तिथीनेच येणार आहे, असं काकूंनी त्याला माझ्या फोनवरूनच ऐकवलं, आणि मग फोटोचं पण विचारलं. फोटो दुसऱ्या दिवशी काढला त्याने.

या सीझनच्या तारखा मामांकडून आल्यात. बुकिंगला जीपे चालतं, केलं की स्क्रीनशॉट पाठवा, नुसतं "सेंट" लिहून पाठवू नका.