आईच्या वतीने बोलताना: जीबीएसचा आमचा अनुभव

माझ्या आईला डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं की ती आमच्या अहिराणीत म्हणते, "बरं शे", म्हणजे बरं आहे. ताप असो, कंबर धरलेली असो, उत्तर ठरलेलं. एवढ्या मोठ्या माणसाला आपला कशाला ताप, हा तिचा हिशोब. डॉक्टर पाठमोरे झाले की मग माझ्या कानाशी, "मना पायमा जोरच नही" (माझ्या पायात जोरच नाही). गेल्या श्रावणात तिला जीबीएस हा नसांचा आजार झाला आणि हा स्वभाव तिच्या जिवावर बेतला होता. त्या दिवसांत दवाखान्यात तिच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे आलं. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून जे केलं ते लिहिते.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. भाऊ कापूस आणि केळी बघतो, मी जळगावला शाळेत शिकवते. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट झाले, पाहुणे गेले आणि आईला जुलाब लागले. थांबलेही. आठवडाभराने तळपायाला मुंग्या यायला लागल्या. मग चालताना पायातली चप्पल मागेच राहायची आणि तिला पत्ता नसायचा. ही गोष्ट वहिनीच्या लक्षात आली. ओट्यापासून गोठ्यापर्यंत जाऊन आईने मागे वळून पाहिलं, तर एक चप्पल वाटेतच पडलेली. गावाकडच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं, बी-१२ ची इंजेक्शनं दिली. त्यांच्यावर माझा राग नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने मुंग्या येतात म्हटलं की बहुतेक ठिकाणी हेच मिळतं. पण दोन दिवसांनी तिला पाटावरून उठता येईना, तेव्हा भाऊने गाडी काढली आणि तिला जळगावला आणलं.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे नंबर लागेपर्यंत बाकड्यावर बसून मी वहीच्या पानावर तारखांसह क्रम लिहिला: जुलाब, मुंग्या, चप्पल, उठता न येणं, आणि सकाळपासून वेणी घालायला हात वर जात नाहीत. आत गेल्यावर आई अपेक्षेप्रमाणे "बरं शे" म्हणाली. मी पान पुढे केलं. डॉक्टरांनी ते वाचलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाही. दुसराही नाही. "जुलाब कधी झाले म्हणालात?" एवढंच त्यांनी पुन्हा विचारलं आणि लगेच भरती करायला सांगितलं. नसांची तपासणी झाली, पाठीतलं पाणी काढलं आणि आजाराचं नाव कळलं: गुलेन बॅरी सिंड्रोम, जीबीएस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात रुग्ण वाढले तेव्हा पेपरात रोज वाचलेलं नाव. जुलाबासारखा एखादा संसर्ग होऊन जातो, त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्या नसांवर घसरते. वायरीवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं नसेवरचं आवरण जातं आणि स्नायूंपर्यंत निरोप पोचत नाही. सुरुवात पायांपासून, मग हात, मग छाती. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण मधला काळ सांभाळावा लागतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

भरतीच्या काउंटरवर पहिली खडाजंगी. "हा आजार योजनेत बसत नाही. आयसीयूचं डिपॉझिट भरा, मग बघू." हॉस्पिटलच्या दारावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा फलक होता. १ जुलै २०२४ पासून या योजनेत रेशन कार्डाचा रंग पाहत नाहीत. राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, हे मला शाळेतल्या कामामुळे माहीत होतं. आवाज न चढवता मी म्हणाले, "बसत नाही, असं लेटरहेडवर लिहून द्या. सही-शिक्का पाहिजे." काउंटरवरचा मुलगा आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्यासोबत आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम पाहणारा माणूस, होता. तोवर मी योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर फोन लावून ठेवला होता. आजार योजनेत बसत होता.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. रेशन कार्डावर "सुमनबाई", आधारवर "सुमन". आरोग्यमित्र भला माणूस निघाला. तातडीच्या रुग्णाला फोनवरून तात्पुरती मंजुरी घेता येते, कागद मागून देता येतात, हे त्यानेच सांगितलं आणि करूनही दिलं. काही तपासण्यांचे पैसे तरीही आमच्याकडून घेतले गेले. त्यावरून झालेलं भांडण वेगळं आहे, ते इथे नको.

उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, आयव्हीआयजी. महागडं औषध, वजनाच्या हिशोबाने देतात: किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं म्हणून मी केसपेपर पाहिला. त्यावर लिहिलं होतं, "वजन ५० (अंदाजे)". आई उभी राहू शकत नव्हती, त्यामुळे कुणीतरी नजरेने वजन टाकलं होतं. पण दिवाळीनंतर दारात कापूस मोजायला काटा आला होता तेव्हा नातवंडांनी हट्टाने आजीलाही त्यावर बसवलं होतं. ६२ किलो भरली, आणि सगळं घर त्यावर हसलं होतं. पन्नास किलोला दिवसाचे २० ग्रॅम होतात, बासष्टला जवळपास २५. पाच ग्रॅमची एक बाटली, म्हणजे रोज एक बाटली कमी. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मी कापसाच्या काट्याची गोष्ट सांगितली. ते हसले, पण मोठ्या सरांना फोन केला आणि आकडा बदलला. औषध चालू झालं की लगेच उतार पडत नाही, आजार आधी काही दिवस पुढे जाऊ शकतो, हेही त्यांनी बजावलं. श्वासावर लक्ष ठेवायचं एक साधन मला दिलं: पूर्ण श्वास घेऊन एका दमात किती आकडे म्हणता येतात ते दर थोड्या वेळाने मोजायचं.

शिक्षिकेला हे काम बरं जमलं. संध्याकाळी आई चोवीसपर्यंत गेली. झोपायच्या वेळी एकोणीस. रात्री दोनला बारावर अडकली, आणि उशीवरून मान उचल म्हटलं तर उचलेना. खोकला काढायला सांगितलं तर नुसती हवा. सिस्टर म्हणाल्या, "ताई, झोपू द्या त्यांना. सॅच्युरेशन ९७ आहे, एकदम छान." आईला विचारलं तर उत्तर ठरलेलं. पण सरांनी मला सांगून ठेवलं होतं की या आजारात ऑक्सिजनचा आकडा सगळ्यात शेवटी पडतो. त्याआधी छातीचे स्नायू थकतात. मी वही सिस्टरच्या हातात दिली. "संध्याकाळी चोवीस, आता बारा. मान उचलत नाहीये. हे आकडे सरांना फोनवर वाचून दाखवा. किती वाजता सांगितलं ते मी इथे लिहून ठेवते." "आईला बरं वाटत नाही" असं म्हटलं असतं तर कदाचित "सकाळी बघू" आलं असतं. आकड्यांना तसं म्हणता येत नाही. डॉक्टर आले, त्यांनी स्वतः मोजायला लावलं. दहा. लगेच आयसीयूत हलवलं, उजाडायच्या आत नळी टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं. घाईगर्दीत टाकण्यापेक्षा वेळेत टाकलेली नळी चांगली, एवढंच ते बोलले.

व्हेंटिलेटर हा शब्द गावात पोचला आणि नातेवाइकांची रीघ लागली. मामा म्हणाले, संभाजीनगरला हलवा. दाजी म्हणाले, थेट मुंबई. कुणाकडे साहेबांचा नंबर होता, कुणाला स्टिरॉइड का देत नाहीत हे जाणून घ्यायचं होतं. (जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा फायदा होत नाही, हे मला मग पाठच झालं.) त्यांची माया खरी होती, पण दर माणूस डॉक्टरांना गाठून वेगळा प्रश्न विचारत होता आणि डॉक्टर प्रत्येकाला थोडं थोडं सांगत होते. भाऊने मग ठरवून टाकलं: डॉक्टरांशी ताई बोलेल, गावाला मी सांगेन. हलवण्याबद्दल मी सरांना दोनच गोष्टी विचारल्या. तिकडे असं काय मिळेल जे इथे नाही? आणि अजिंठ्याचा घाट चढताना मशीन बंद पडलं तर गाडीत कोण असेल? शिवाय सगळे रिपोर्ट नाशिकच्या एका तज्ज्ञांना दाखवले. दुसरं मत घेतलं म्हणून सर अजिबात रागावले नाहीत. उपचार तेच असल्याचं कळल्यावर मामांनीही विषय सोडला.

आयसीयूतल्या दिवसांत एक गोष्ट मला सगळ्यात जास्त छळून गेली. या आजारात शरीर निकामी होतं, पण माणूस आतून पूर्ण जागा असतो. आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कुणी म्हणायचं रडतात, कुणी म्हणायचं डोळे कोरडे पडतात म्हणून. मी वाकून म्हटलं, "माय, दुखतंय का? हो असेल तर एकदा डोळे मिट, नाही तर दोनदा." एकदाच मिटले, आणि मिटलेले धरून ठेवले. पाठ? एकदा. मांड्या? एकदा. रोज "बरं शे" म्हणणारी बाई, तोंडात नळी असल्यामुळे पहिल्यांदा खरं बोलली. जीबीएसमध्ये नसांचं दुखणं भयंकर असतं आणि त्यासाठी वेगळी औषधं आहेत. सरांना सांगितल्यावर ती त्याच दिवशी सुरू झाली. पायांखाली उशा कशा ठेवायच्या तेही डोळ्यांच्या भाषेतच ठरलं. मग एका कागदावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: "पूर्ण शुद्धीवर आहेत. सगळं ऐकू येतं. एकदा डोळे मिटले = हो. अहिराणीत बोललात तर आवडेल." सिस्टरांनी तो पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. धुळ्याकडच्या एका ब्रदरने त्या दिवसापासून कूस बदलताना तिच्याशी अहिराणीत गप्पा सुरू केल्या.

पुढे गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी टाकायची वेळ आली तेव्हा भाऊ सहीला तयार होईना. गावात त्याचा अर्थ एकच लावतात. आम्ही दोघं सरांसमोर बसलो. कशासाठी, आत्ताच का, नाही केलं तर काय, आणि नंतर बुजतं का, हे विचारलं. तोंडातली नळी फार दिवस ठेवली तर घशाला इजा होते, गळ्यातल्या नळीने झोपेचं औषध कमी लागतं, श्वास सुधारला की नळी काढतात आणि छिद्र सहसा आपोआप भरतं. भाऊने सही केली. मशीन हळूहळू सुटलं. बोटं आधी हलली, पाय सगळ्यात शेवटी.

घरी सोडताना मी पूर्ण फाइलची प्रत मागितली. "डिस्चार्ज कार्ड पुरेसं असतं" असं उत्तर आलं. मी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत लिहिलं आहे. प्रत मिळाली. पुढच्या तपासणीला नव्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नसांच्या तपासणीचा जुना रिपोर्टच मागितला, आणि तो डिस्चार्ज कार्डात नव्हता.

आता आई वॉकर धरून ओट्यावर चालते, घोट्याला पट्टा असतो. भाऊ तालुक्याला रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त करायच्या मागे आहे. आधारप्रमाणे "सुमन" करा म्हटलं, तर पुढच्या टेबलावर सांगितलं की बँकेच्या पासबुकात "सुमनबाई" आहे, आधी ते बदलून आणा. बँक म्हणते खातेदाराने स्वतः यायला हवं. बँक पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. फिजिओवाल्या मुलीने योगायोगाने या आठवड्यापासून आईला पायऱ्यांचाच व्यायाम दिला आहे.